दारातच दिलेला नकार : ई-मेलच्या चाळण्या एकत्र कशा आल्या

ई-मेलचा इतिहास सांगायला बसले की पहिला मेल कोणी पाठवला, पत्त्यातले ‘ॲट’चे चिन्ह कोणी निवडले, अशा गोष्टींपासून सुरुवात होते. मला मात्र गेली अनेक वर्षे दुसऱ्याच प्रश्नाने धरून ठेवले आहे. दाराशी आलेले पत्र नको असेल, तर ते नाकारायचे कोणी, कोणत्या क्षणी, आणि नाकारल्याचे पाठवणाऱ्याला कळवायचे की नाही? वरवर पाहता हा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांच्या खोलीतला प्रश्न आहे. पण ज्या कोणाची कथा, नोकरीचा अर्ज किंवा मृत्यूची बातमी आज मेलने जाते, त्या प्रत्येकाचे काही ना काही त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. १९९९च्या सुमारास एका छोट्या संस्थेच्या मेलची व्यवस्था अंगावर पडली आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरबरोबर येणारी माहितीपत्रके, आवृत्त्यांमधल्या बदलांच्या नोंदी आणि आरएफसी वाचत आलो. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराचे नियम आणि त्यावरच्या चर्चा नोंदवणारी क्रमांकित टिपणे. इतिहासाची साधने म्हणून या कागदांकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजकीर्दीत जसा काळ बोलतो, तसा तो या कोरड्या नोंदींतही बोलतो.

एका टिंबाचे वचन

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हे टिपण लिहिले. त्यात एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या रीतीचे नियम आहेत. आजही दोन मेल सर्व्हर मूलतः याच रीतीने बोलतात. पाठवणारे यंत्र आधी आपले नाव सांगते, मग पत्र कोणाकडून आहे ते, मग कोणासाठी आहे ते. प्रत्येक वाक्याला समोरचे यंत्र तीन आकडी उत्तर देते. मग पत्राचा मजकूर येतो आणि तो संपल्याची खूण म्हणून एका ओळीवर एकटे टिंब येते. त्या टिंबाला मिळणारे उत्तर निर्णायक. २५० म्हणजे ‘पत्र घेतले’. ५५० किंवा ५५४ म्हणजे ‘घेत नाही’. ४५१ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या’.

रजिस्टर पत्र पोस्टाच्या खिडकीवर दिल्यावर हातात पावती पडते, त्या क्षणी पत्राची जबाबदारी आपल्याकडून पोस्टाकडे जाते. २५० हा आकडा तीच पावती. ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२३ मध्ये याचा अर्थ आणखी स्पष्ट केला आहे : पत्र स्वीकारणाऱ्याने जबाबदारी गांभीर्याने घ्यावी, किरकोळ कारणाने पत्र हरवू नये आणि पोचवता आले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवावे.

म्हणजे नकार सभ्यपणे द्यायचा, तर तो टिंब आल्यानंतर आणि २५० म्हणण्याआधीच द्यायला हवा. तोवर पत्र पाठवणाऱ्या यंत्राच्याच ताब्यात असते. त्याला ५५० मिळाले की ते आपल्या माणसाला सांगते, ‘तुझे पत्र त्यांनी घेतले नाही, कारण अमुक.’ या दोन क्षणांमधली जागा मात्र अरुंद आहे. आरएफसी ११२३ नुसार पाठवणाऱ्याने टिंबानंतर दहा मिनिटे उत्तराची वाट पाहावी. त्याआधीच, फेब्रुवारी १९८८ मध्ये, क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी १०४७ मध्ये इशारा दिला होता : उत्तराला उशीर झाला तर पाठवणारा कंटाळून जोडणी तोडतो, पुन्हा पाठवतो आणि एकाच पत्राच्या दोन प्रती पोचतात, तेव्हा टिंबानंतर लवकर उत्तर द्या. तेव्हा चाळण्यांचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. पुढे मात्र या अरुंद जागेतच सगळ्या चाळण्यांची गर्दी होणार होती.

आपल्याकडे सुरुवातीला ही जागाही नव्हती. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभकाळात, १९८६-८७ मध्ये, मुंबईतील एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्या काळच्या यूयूसीपी या पद्धतीत पत्रांची थप्पी पलीकडच्या यंत्रावर नेऊन ठेवली जाई आणि ती नंतर उघडली जाई. समोरासमोर बोलणेच नसल्यामुळे दारात ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. नकार आलाच तर उलट टपालाने येई.

एकाच खोलीतला कारभार

एसएमटीपी जुन्या काळात जगभर ज्या सॉफ्टवेअरने चालवले, त्याचे नाव सेंडमेल. त्याचा जन्म बर्कलीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इंग्रेस प्रकल्पाच्या यंत्राला अर्पानेटची जोडणी होती आणि ती वापरायला सगळ्यांनाच त्या यंत्रावर खाते हवे होते. एरिक ऑलमन यांनी खाती वाटण्यापेक्षा पत्रे एका जाळ्यातून दुसऱ्यात वळवणारा ‘डिलिव्हरमेल’ नावाचा प्रोग्राम लिहिला. १९७९ मध्ये तो बर्कलीच्या युनिक्सबरोबर वाटला गेला, आणि १९८३ मध्ये त्याची सुधारलेली पिढी सेंडमेल या नावाने आली.

सेंडमेलचा सगळा कारभार एकाच प्रोग्राममध्ये होता. बाहेरच्याशी बोलणे, पत्ते समजून घेणे, पत्र रांगेत ठेवणे, पुढे धाडणे, सारे त्याच्याच पोटात. आणि तो चालायचा यंत्राच्या सर्वाधिकारी ‘रूट’ या खात्याच्या ताकदीने. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ हजारो यंत्रांत शिरला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलमध्ये उघड्या राहिलेल्या ‘डीबग’ आज्ञेची होती. सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला असल्या आणि तो फसला, तर घर जाते, हा धडा तेव्हा मिळाला.

नव्वदच्या दशकात त्याला दोन मोठी उत्तरे आली. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलमध्ये (१.० ही आवृत्ती १९९७ची) कामे वेगवेगळ्या छोट्या प्रोग्रामांत वाटलेली होती, आणि ते प्रोग्राम वेगवेगळ्या खात्यांच्या मर्यादित अधिकाराने चालत. आयबीएमच्या संशोधनकेंद्रात व्हीत्से व्हेनेमा यांनी लिहिलेले पोस्टफिक्स डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचीही घडण हीच. विभागा, एकमेकांवर विश्वास ठेवू नका, हे त्या पिढीचे सूत्र होते. सेंडमेलनेही २००१च्या ८.१२ आवृत्तीत हे मान्य केले आणि स्थानिक पत्रे घेणाऱ्या भागाचे रूटचे अधिकार काढून घेतले.

पुढे आलेल्या चाळण्यांना मात्र नेमके उलट हवे होते. त्यांना एकत्र यायचे होते.

चाळण्यांची गरज

नको असलेल्या पत्रांची तक्रार ई-मेलइतकीच जुनी आहे. पोस्टेल यांनीच नोव्हेंबर १९७५ मध्ये, आरएफसी ७०६ मध्ये, हा प्रश्न नोंदवला होता : त्रास देणाऱ्या यंत्राचे निरोप नाकारण्याची सोय घेणाऱ्याकडे हवी. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना धाडली. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली. त्यानंतर हा प्रकार धंदा म्हणूनच सुरू झाला. मार्च १९९९ मध्ये मेलिसा, मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’, असे मेलवर स्वार होणारे व्हायरस आले आणि जाहिरातींच्या कचऱ्यात धोकाही मिसळला.

पहिल्या चाळण्या दाराच्या आत होत्या. स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांचा ‘प्रोकमेल’ हा नव्वदच्या आरंभीचा प्रोग्राम पत्र घेऊन झाल्यावर, ते पेटीत टाकण्याच्या क्षणी चालायचा. प्रत्येक पत्रासाठी एक नवी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामचा नवा डाव, सुरू व्हायचा. पुढे जस्टिन मेसन यांनी एप्रिल २००१ मध्ये स्पॅमअसॅसिन प्रसिद्ध केले. ही पर्ल भाषेतली चाळणी. ती शेकडो नियम लावून प्रत्येक संशयाला गुण देते आणि बेरीज ५च्या पुढे गेली की पत्रावर कचऱ्याचा ठसा मारते. प्रत्येक पत्रामागे पर्ल सुरू करायची, सगळे नियम वाचून काढायचे आणि एक पत्र पाहून झाल्यावर सारे मोडून टाकायचे, हा खर्च यंत्रांना झेपेना. प्रत्येक भाकरीसाठी नवी चूल मांडण्यासारखे ते होते.

खर्चाहून मोठी अडचण वचनाची होती. आतली चाळणी चालेपर्यंत सर्व्हर २५० म्हणून बसलेला असायचा. आता पत्र नको वाटले तर करायचे काय? पाठवणाऱ्याला उलट पत्र धाडायचे म्हटले, तर स्पॅम आणि व्हायरस पाठवणारे खोटा पत्ता लावतात. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ हा व्हायरस पसरला, तेव्हा जगभरच्या चाळण्यांनी ‘तुमच्या पत्रात व्हायरस सापडला’ अशी सूचनापत्रे ज्यांचे पत्ते चोरले होते त्या निरपराधांना पाठवली. काही लोकांना व्हायरसपेक्षा या सूचनांचाच उपद्रव झाला. मग दुसरा मार्ग उरला : गुपचूप फेकून द्यायचे. कचरा असेल तोवर कोणाचे काही गेले नाही. पण चाळणीचा अंदाज चुकला, तर पाठवणाऱ्याच्या हाती पावती आणि पत्र केराच्या टोपलीत.

त्याच काळातली एक गोष्ट इथे नोंदवतो. माझ्या परिचयाच्या एका लेखकाने एका अंकाला कथा मेलने पाठवली. नकार आला नाही, पोच आली नाही. दोन महिन्यांनी विचारणा केली तेव्हा ‘काही मिळालेच नाही’ असे उत्तर आले. लेखकाच्या यंत्रावर मात्र २५०ची नोंद स्वच्छ होती. संपादकांच्या हाती खरोखर काही पडले नव्हते आणि लेखकानेही खरोखर पाठवले होते. मधल्या चाळणीने कोणालाही न सांगता निकाल दिला होता.

मिल्टर : संभाषणात बसवलेले साक्षीदार

सेंडमेलने यावर जे उत्तर काढले, त्याचे नाव मिल्टर; ‘मेल’ आणि ‘फिल्टर’ यांची संधी. मार्च २०००च्या ८.१० आवृत्तीत ते प्रायोगिक होते, सप्टेंबर २००१च्या ८.१२मध्ये पक्के झाले. कल्पना सरळ आहे. सर्व्हर बाहेरच्या यंत्राशी बोलत असताना प्रत्येक पायरीला शेजारच्या चाळणीला विचारतो : अमुक यंत्राने जोडणी केली आहे, चालेल? अमुक पाठवणारा आहे, चालेल? मजकूर असा आहे, चालेल? चाळणी प्रत्येक वेळी पाचांपैकी एक उत्तर देते : पुढे चला, बिनशर्त घ्या, नाकारा, तात्पुरते थांबवा, किंवा घेतल्यासारखे करून फेकून द्या. पत्रात काही बदलायचे असेल तर ते शेवटी, सगळा मजकूर पाहून झाल्यावरच.

चाळणी सर्व्हरच्या पोटात न घालता बाजूला, वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवली. ती कोसळली तरी सर्व्हर उभा राहतो, आणि तिला रूटचा अधिकार द्यावा लागत नाही. मॉरिस प्रकरणाचा धडा इथे पाळलेला दिसतो. मग चाळणी जाग्यावरच नसेल तर काय? सेंडमेलच्या मांडणीत प्रत्येक चाळणीपुढे त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवता येते : एक अक्षर लिहिले तर पत्र नाकारायचे, दुसरे लिहिले तर ‘नंतर या’ म्हणायचे, काहीच लिहिले नाही तर चाळणी नव्हतीच असे समजून पत्र आत घ्यायचे. पहारेकरी झोपला तर दार बंद ठेवायचे की उघडे, हा निर्णय त्या एका अक्षरात असतो. मला या सबंध इतिहासातली ही सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते, कारण चूक होणार हे ती गृहीत धरते.

एका सर्व्हरला अशा अनेक चाळण्या ओळीने लावता येत. व्हायरसची एक, स्पॅमची एक, पाठवणाऱ्याचा पत्ता तपासणारी एक. इथे नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक चाळणीला पत्राचा सगळा मजकूर पुन्हा द्यावा लागे, आणि ती पत्राची जोडपाने, चित्रे, गुंडाळलेल्या फायली पुन्हा पहिल्यापासून उलगडत बसे. जकात होती त्या काळात मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर थांबलेला ट्रक ज्यांना आठवतो, त्यांनी असे तीन नाके ओळीने कल्पावेत, प्रत्येक ठिकाणी ताडपत्री सोडायची आणि पुन्हा बांधायची. इकडे दहा मिनिटांचे घड्याळ चालूच.

दुसरी अडचण अधिक खोल. अशी प्रत्येक चाळणी एकटी असते. ती नाकारू शकते किंवा सोडू शकते. ‘मला थोडी शंका आहे’ एवढेच पुढच्या चाळणीला सांगायची सोय, पत्रावर एखादी जादा ओळ खरडण्यापलीकडे, तिच्याकडे नसते. तीन चाळण्यांना थोडी थोडी शंका असेल तर तिन्ही सोडून देतात, आणि एकाच चाळणीचे काही बिनसले असेल तर तिचा एकटीचा नकार चालतो. पंचांपैकी प्रत्येकाने वेगळ्या खोलीत बसून, एकमेकांशी न बोलता निकाल द्यावा तसे हे झाले.

ओटावा आणि ल्युब्लियाना

या दोन्ही अडचणींवर जवळजवळ एकाच काळात दोन ठिकाणी काम झाले. कॅनडातील ओटावा इथे रोअरिंग पेंग्विन या छोट्या कंपनीचे डेव्हिड स्कॉल यांनी २००० मध्ये माइमडिफँग प्रसिद्ध केले. स्लोव्हेनियात ल्युब्लियाना इथल्या योझेफ स्टेफान संशोधनसंस्थेतील मार्क मार्टिनेत्स यांनी जुन्या ‘अमाव्हिस’ या व्हायरस-चाळणीवरून २००२च्या सुमारास ‘अमाव्हिसडी-न्यू’ घडवले. दोघांनीही पर्ल भाषा निवडली, आणि दोघांच्या मांडणीतला गाभा एकच : पत्र एकदाच उलगडा, सगळ्या तपासण्या एकाच प्रोसेसमध्ये एकामागून एक करा, आणि शेवटी एकच उत्तर द्या.

माइमडिफँगची रचना मला कारागिराच्या नजरेने पाहण्यासारखी वाटते. सर्व्हरशी मिल्टरच्या भाषेत बोलणारा एक छोटा प्रोग्राम. त्याच्या मागे एक मुकादम. मुकादमाच्या हाताखाली पर्लच्या काही प्रोसेस आधीच सुरू करून ठेवलेल्या, नियम वाचून तयार. पत्र आले की मुकादम रिकाम्या कामगाराला ते देतो. कामगार पत्राचे भाग सुटे करतो, व्हायरस-चाळणीला विचारतो, स्पॅमअसॅसिनला आपल्याच पोटातला एक भाग म्हणून हाक मारतो आणि निकाल परत देतो. ठरावीक पत्रे झाली की मुकादम त्या कामगाराला निवृत्त करून नवा घेतो, कारण पर्लची प्रोसेस दीर्घकाळ चालली की स्मृतीत गाळ साचतो. सगळे कामगार गुंतलेले असतील तर बाहेरच्याला ‘नंतर या’ असे सांगितले जाते. पत्र तपासल्याशिवाय आत येत नाही आणि हरवतही नाही.

सगळे नियम पर्लच्या एका फाइलमध्ये असत आणि ती फाइल यंत्र सांभाळणाऱ्याने स्वतः लिहायची. त्यामुळे ‘व्हायरस असेल तर नाकारा, स्पॅमचे गुण ५च्या वर पण १५च्या खाली असतील तर ठसा मारून आत घ्या, आणि पाठवणारा आपल्या ओळखीच्यांच्या यादीत असेल तर गुण मोजूच नका’ असे सलग वाक्य पहिल्यांदा लिहिता आले. वेगळ्या चाळण्यांच्या रांगेत हे वाक्य मावत नव्हते. शिवाय नाकारताना कारणही देता येई, आणि ते ५५०च्या ओळीबरोबर पाठवणाऱ्यापर्यंत पोचे.

बाकीचेही याच दिशेने आले. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या एक्झिम या सर्व्हरची घडण आधीपासूनच एकसंध होती, २००५च्या ४.५० आवृत्तीत मजकूर तपासण्याची सोय त्याच्या गाभ्यात आली. विभागणीचा आग्रह धरणाऱ्या पोस्टफिक्सनेही २००६च्या २.३ आवृत्तीत मिल्टर स्वीकारले. जपानमध्ये २००९ मध्ये आलेल्या ‘मिल्टर मॅनेजर’ने मधला मार्ग काढला : बाहेरून एकच मिल्टर दिसायचे, आत अनेक चाळण्या, आणि कोणत्या पत्राला कोणती लावायची ते मॅनेजरने ठरवायचे. रशियात सुरू झालेल्या, व्सेवोलोद स्ताखोव्ह यांच्या आरस्पॅमडीमध्ये तर सगळ्या तपासण्या एकाच प्रोसेसमध्ये एकमेकींसाठी न थांबता चालतात आणि गुणांची बेरीज निकाल ठरवते : मूळ मांडणीत ४ गुणांना ‘जरा थांबून या’, ६ला ठसा, १५ला नकार.

क्रमाचे भान

एकत्र आल्या तरी चाळण्यांचा क्रम उरतोच. मे २००७च्या आरएफसी ४८७१ने डीकेआयएम ही सहीची पद्धत आणली. पाठवणारे यंत्र पत्राच्या मजकुरावर आणि निवडक शीर्षओळींवर गणिती सही करते, घेणारे ती पडताळते. एखाद्या चाळणीने विषयाच्या ओळीत ‘स्पॅम?’ असा शब्द घातला किंवा मजकुराखाली संस्थेची तळटीप जोडली, की सही तुटते. म्हणून आलेल्या पत्राची सही काहीही बदलण्याआधी तपासायची, आणि जाणाऱ्या पत्रावर सगळे बदल संपल्यावरच सही करायची. वेगळ्या चाळण्यांत हा क्रम तिघा-चौघांच्या मांडणीत विखुरलेला असे. एका प्रोसेसमध्ये तो एका जागी वाचता येतो.

एक गाठ मात्र कोणालाच पुरती सोडवता आलेली नाही. एसएमटीपीत एकाच पत्राचे दहा वाचक असले तरी टिंबाला उत्तर एकच मिळते. ग्रंथपालांना प्रकाशकांच्या जाहिराती हव्यात आणि हिशेबनिसाला नकोत, तर २५० म्हणायचे की ५५०? माइमडिफँगने प्रत्येकासाठी पत्राची वेगळी प्रत करून ती पुन्हा दारातून आणण्याची युक्ती दिली. पण तसे करायला आधी मूळ पत्र स्वीकारावे लागते. म्हणजे पुन्हा वचन आधी आणि निकाल नंतर.

देवनागरीची परीक्षा

या यंत्रणेत मराठी पत्राचे काय होत होते? स्पॅमअसॅसिनमध्ये कोणत्या लिप्या ‘आपल्या’ मानायच्या हे सांगायची सोय होती. तिच्या यादीत पाश्चात्त्य अक्षरसंच, जपानी, कोरियन, रशियन, थाई आणि चिनी एवढीच नावे होती. भारतीय लिपी एकही नाही. विषयाच्या ओळीत फार ‘बेकायदा’ अक्षरे असतील तर गुण लावणारा नियमही होता. जुन्या नियमानुसार शीर्षओळींत फक्त साधी रोमन चिन्हेच चालत. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि ते सांकेतिक वेष्टनात गुंडाळून पाठवावे लागे. ज्या प्रोग्रामांनी ते वेष्टन न घालता विषयात थेट देवनागरी टाकली, त्यांची पत्रे त्या नियमात सापडण्याजोगी होती. शीर्षओळींत थेट यूटीएफ-८ला मान्यता २०१२च्या आरएफसी ६५३२ने दिली.

त्याआधीचे मराठी तर रोमन अक्षरांवर देवनागरी आकार चढवणाऱ्या ‘शुषा’सारख्या फाँटांत होते. फाँट नसेल तर माणसाला ते पत्र अर्थहीन अक्षरांची रांग दिसे. चाळणीला तर कधी दुसरे काही दिसणारच नव्हते. कोणी मराठीवर डूख धरला होता असे मुळीच नाही. नियम ज्यांनी लिहिले त्यांच्यापुढे त्यांच्या पेट्यांतली पत्रे होती, एवढेच. म्हणून आपल्या दाराशी आपले नियम लिहिता येणे मोलाचे होते. सगळ्या चाळण्या एका फाइलच्या हुकमात असल्या, तर एका ओळीत देवनागरीला अभय देता येते. चार ठिकाणी चार मांडण्या असल्या की तीन ठिकाणी दिलेले अभय चौथीत मोडते, आणि कुठे मोडले ते शोधणे कठीण.

किंमत

एकत्र येण्याची किंमतही आहे. पत्र उलगडणारा प्रोग्राम म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेले गाठोडे सोडणारा माणूस. २०२२ मध्ये झिंब्रा या मेलव्यवस्थेत अमाव्हिस गुंडाळलेल्या फायली सोडवण्यासाठी ‘सीपीआयओ’ हे जुने साधन वापरत होते. मुद्दाम तयार केलेली फाइल पाठवली की त्या साधनाकरवी सर्व्हरवर नको त्या जागी फायली लिहिता येत, आणि हल्लेखोरांनी तसे केलेही. पत्र कोणी उघडण्याची गरज नव्हती. राखण करणाऱ्यानेच ते उघडले होते. एका प्रोसेसमध्ये दहा तपासण्या असतील, तर त्यांतल्या सर्वांत कच्च्या तपासणीइतकीच ती प्रोसेस पक्की असते. बर्नस्टाइन आणि व्हेनेमा यांचा आग्रह जुना झालेला नाही. माझ्या समजुतीने या इतिहासातून टिकाऊ ठरलेली मांडणी अशी : निर्णय एकत्र, अधिकार वेगळे. चाळण्यांनी एका खोलीत बसून एकमताने उत्तर द्यावे, पण त्या खोलीला घराच्या किल्ल्या देऊ नयेत.

आज बहुतेकांची पत्रे मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या दारांतून जातात. तिथे चाळण्या एकवटल्या आहेत, आणि त्यांचे नियम बाहेरच्याला वाचायला मिळत नाहीत. उघड कचऱ्याला ते दारात नकार देतात. संशयितांना मात्र २५० म्हणून आत घेतात आणि स्पॅमच्या कप्प्यात ठेवतात. पत्र पोचले असे पाठवणाऱ्याला वाटते, घेणारा तो कप्पा महिनोन्‌महिने उघडत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर तो आपोआप रिकामा होतो. नियमाच्या अक्षराला यात धक्का लागत नाही. पण १९८९च्या टिपणात ज्या गांभीर्याची अपेक्षा केली होती, ते इथे पातळ झाले आहे.

म्हणून ‘तुमचे पत्र पोचवता आले नाही’ असा रुक्ष इंग्रजी मजकूर मेलवर आला, तर वाचकांनी तो वैतागून पुसू नये. त्यात अनेकदा ५५० किंवा ५५४ने सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्यापुढे बहुधा कारण लिहिलेले असते. पलीकडच्या यंत्राने दारातच निकाल दिला आणि तो तुमच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था केली. ते कारण वाचून पत्र दुरुस्त करता येते, दुसऱ्या वाटेने पाठवता येते, निदान फोन तरी करता येतो.